काल्क्रीझे: व्हारुसच्या तीन लीजन जिथे संपल्या ती जमीन

रानवाटा
मंडळी, रोमबद्दल इथे जे धागे निघतात ते बहुतेक कलोसियम, पॉम्पेई, व्हॅटिकनचे असतात आणि ते बरोबरच आहे, बघण्यासारखं तिथे भरपूर आहे. पण मला गेली बरीच वर्षं ओढ होती ती उत्तर जर्मनीतल्या एका जागेची, जिथे वर काहीच दिसत नाही, ना खांब, ना भिंत, नुसतं गवत आणि झाडं. ओस्नाब्रुकच्या उत्तरेला ब्राम्शे म्हणून गाव आहे, त्याच्या हद्दीत काल्क्रीझे. इ. स. ९ मध्ये पब्लियस क्विन्क्टिलियस व्हारुस या रोमन सुभेदाराच्या तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या), म्हणजे १७वी, १८वी आणि १९वी, सोबतच्या घोडदळासकट याच भागात कापल्या गेल्या. पंधरा ते वीस हजार माणसं असावीत असा अंदाज करतात. यानंतर रोमने हे तीन आकडे दुसऱ्या कुठल्याही लीजनला परत कधी दिले नाहीत.

गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आर्मिनियस हा खेरुस्की या जर्मन जमातीतल्या सरदाराचा मुलगा, पण रोमच्या सैन्यात वाढलेला, रोमचं नागरिकत्व आणि वर इक्वेस्ट्रियन, म्हणजे तिथल्या सरदारवर्गाचा, दर्जा मिळालेला, व्हारुसच्या पंगतीला जेवणारा माणूस. त्याचाच नातलग सेगेस्टेस याने व्हारुसला सांगून ठेवलं होतं की हा दगा देणार, याला आत्ताच बेड्या घाल. व्हारुसने ऐकलं नाही. उन्हाळा संपला, सैन्य ऱ्हाईनकडे परत निघालं, वाटेत कुठेतरी बंड झाल्याची बातमी पेरली गेली आणि सगळा लवाजमा, गाड्या, खेचरं, बायकापोरं घेऊन अनोळखी जंगलाच्या वाटेला लागला. वादळ, पाऊस, निसरडी जमीन, पडलेली झाडं हे सगळं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ वर्णन करतो. तीन-चार दिवस हे चाललं. शेवटी व्हारुसने स्वतःच्या तलवारीवर जीव दिला. त्याचं डोकं आर्मिनियसने मारोबोडुस या दुसऱ्या जर्मन जमातीच्या राजाकडे पाठवलं, त्याने ते रोमला सम्राट ऑगस्टसकडे धाडलं.

आता जागेबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. दक्षिणेला काल्क्रीझेचा डोंगर, फार उंच नाही, पण तेव्हा त्याच्यावरून उतरणारे ओढे आणि दाट रान. उत्तरेला मोठी दलदल. या दोन्हींच्या मध्ये चालता येईल असा पट्टा, अगदी अरुंद ठिकाणी साधारण एक किलोमीटर, आणि त्यातही कोरडी जमीन म्हणजे डोंगराच्या पायथ्याची आणि दलदलीच्या कडेची अशा दोन बारीक पट्ट्या. नकाशावर मी हे कितीतरी वेळा बघितलं होतं पण तिथे उभं राहून डावीकडे चढ आणि उजवीकडे सपाट ओली जमीन बघितली ना, तेव्हा कळलं की मैलोन् मैल लांब पसरलेल्या रांगेला इथे वळायला जागाच नव्हती. रोमन सैन्य म्हणजे मैदानात फळी धरून लढणारं सैन्य, आणि फळी धरायलाच जागा नाही.

तिथे आता म्युझियम आणि त्याची बाग आहे. बागेत रोमन ज्या वाटेने गेले असतील तिथे जमिनीवर लोखंडी पत्रे टाकलेत, गंजलेले, एकेक पाऊल टाकत त्याच्यावरून चालायचं. बाजूला झाडीत लोखंडी खांब रोवलेत, ते म्हणजे मातीच्या बांधाची रेघ. हा बांध गवताच्या ढेपा आणि माती रचून केलेला, सुमारे ४०० मीटर. काही खांब जवळजवळ, काही विरळ, जिथे पुरावा पक्का तिथे दाट. मला ही रीत फार आवडली, खोटे पुतळे नाहीत, मेणाचे सैनिक नाहीत.

म्युझियममध्ये काय बघितलं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, हा खूप लांबला.

सुलभा_पटवर्धन
किती सुरेख लिहिलंयस गं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ते दलदल आणि डोंगर वाचताना डोळ्यासमोर आलं सगळं.

कोकणकडा
जबरी धागा! वाचता वाचता उंबरखिंडच आठवली, १६६१, कारतलब खान लवाजम्यासकट खिंडीत शिरला आणि पुढे-मागे दोन्हीकडून कोंडला गेला. अगदी गनिमी कावा. आर्मिनियस म्हणजे तिकडचे महाराजच की.

रानवाटा
@कोकणकडा, जमिनीचा वापर सारखा आहे हे खरं, पण पुढे मला ती तुलना पटत नाही. उंबरखिंडीत खान शरण आला, खंडणी दिली आणि महाराजांनी त्याला वाट मोकळी करून दिली. इथे शरण आलेल्यांचंही काय झालं ते रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, वेद्यांवर बळी दिले, डोकी झाडांना ठोकली. आणि आर्मिनियसने राज्य उभं केलं नाही, काही वर्षांनी त्याच्याच नातलगांनी त्याला मारलं. जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात त्याला 'हेर्मान' करून राष्ट्रपुरुष बनवलं, डेटमोल्डजवळ त्याचा भला मोठा पुतळा १८७५ मध्ये उभा राहिला, तलवारच सात मीटर. गंमत अशी की तो पुतळा आहे तिथून काल्क्रीझे बरंच लांब आहे, कारण तेव्हा कुणालाच खरी जागा माहीत नव्हती.

दगडधोंडे
पण मग सापडली कशी? इतकी वर्षं कुणाला कळलं नाही आणि मग एकदम?

रानवाटा
हा माझा आवडता भाग आहे. एकदम नाही सापडली. त्या भागात बार घराण्याच्या जमिनीवर शेतकऱ्यांना शेकडो वर्षं रोमन नाणी मिळत होती. थिओडोर मॉमझेन या जर्मन इतिहासकाराने १८८५ मध्ये ती नाणी बघून सरळ लिहिलं की लढाई इथेच झाली असणार. लोकांनी मानलं नाही, कारण नुसती नाणी म्हणजे व्यापारसुद्धा असू शकतो, शस्त्रं कुठे आहेत? आणि मग शंभर वर्षं हा विषय तसाच पडून.

१९८७ मध्ये टोनी क्लन नावाचा ब्रिटिश मेजर ओस्नाब्रुकच्या छावणीत होता, त्याला मेटल डिटेक्टरचा छंद. तो आधी जिल्ह्याचे पुरातत्त्वज्ञ व्होल्फगांग श्ल्युटर यांना जाऊन भेटला, परवानगी घेतली, कुठे बघू विचारलं. त्यांनी काल्क्रीझेकडे बोट दाखवलं. त्याने जुन्या वाटा, जुने नकाशे, पूर्वीची नाणी कुठल्या शेतात मिळाली ते सगळं बसून काढलं आणि त्या उन्हाळ्यात त्याला चांदीच्या दिनारांचा साठा मिळाला, दीडशेच्या वर. पुढच्या वर्षी त्याला तीन शिशाच्या गोळ्या मिळाल्या, बोराएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. गोफणीच्या गोळ्या! व्यापारी गोफण घेऊन फिरत नाहीत. त्या तीन गोळ्यांनी व्यापाराचा मुद्दा संपवला आणि १९८९ पासून रीतसर उत्खनन सुरू झालं. क्लन यांना पुढे ब्रिटिश सरकारने सन्मान दिला. २०१४ मध्ये ते गेले. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते टिपून त्याने लगेच पुरातत्त्ववाल्यांच्या हातात दिली, स्वतःच्या कपाटात नाही ठेवली.

आणि जमीन शाबूत राहिली त्याचं श्रेय तिथल्या शेतकऱ्यांना. मध्ययुगात तिकडची जमीन रेताड, खत नाही, म्हणून ते लोक माळावरची गवताची ढेपं मुळासकट कापून आणत, गोठ्यात जनावरांखाली अंथरत आणि शेणामुताने भिजली की शेतात टाकत. पिढ्यान् पिढ्या. त्याने शेताची पातळी हळूहळू वर आली, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर. नांगर त्या वरच्या थरातच फिरत राहिला, खालचा रोमन थर तसाच राहिला.

मृण्मयी_के
ढेपांचा भाग अफाट आहे. शेणखताने इतिहास वाचवला!! म्युझियमचं लिहा ना लवकर.

रानवाटा
लिहितेच.

म्युझियमची इमारत गंजक्या पोलादाची, गीगोन-गुयर या स्विस वास्तुविशारदांची, २००२ ची. त्याला मनोरा आहे साधारण ४० मीटरचा, आधी वर जा, मग खाली प्रदर्शन बघा, असं मी सगळ्यांना सांगेन. वरून डोंगर, पट्टा आणि दलदलीची बाजू एका नजरेत येते.

प्रदर्शनात सगळे मुखवट्यासमोर गर्दी करतात. घोडेस्वाराच्या शिरस्त्राणाचा लोखंडी मुखवटा, वर चांदीचा पत्रा होता, तो कुणीतरी ओरबाडून काढून नेला आणि लोखंड फेकून दिलं, बांधाच्या पायथ्याशी. त्यामुळेच आपल्याला मिळाला. जवळ जाऊन कडेला बघितलं तर पत्र्याची बारीक किनार अजून लोखंडाला चिकटून आहे. लढाई संपल्यावर लोक मेलेल्यांच्या अंगावरून धातू काढत फिरत होते, त्याचा पुरावा असा हाताच्या अंतरावर.

पण माझे पाय खिळले ते खेचराच्या घंटेपाशी. बांधाजवळ एक खेचर पडलं होतं, बांध कोसळून त्याच्यावर माती आली म्हणून सांगाडा राहिला, नाहीतर तिथल्या मातीत हाडं टिकत नाहीत. त्याच्या गळ्यात ब्राँझची घंटा, आणि घंटेत गवत कोंबलेलं. वाजू नये म्हणून. म्हणजे त्या खेचराच्या माणसाला कळून चुकलं होतं की आता आवाज झाला तर संपलं, वाटेच्या कडेचं गवत उपटून त्याने ते आत दाबलं. टॅसिटस, डिओ, व्हेलियस कुणीही या माणसाबद्दल एक ओळ लिहिलेली नाही.

आणि हाडांचे खड्डे. असे आठ खड्डे मिळालेत, माणसांची आणि खेचरांची हाडं एकत्र टाकलेली, काहींवर शस्त्रांचे घाव. तपासणीत निघालं की पुरण्याआधी ही हाडं काही वर्षं उघड्यावर पडून होती. टॅसिटस सांगतो की सहा वर्षांनी, इ. स. १५ मध्ये, जर्मॅनिकस हा रोमन सेनापती सैन्य घेऊन इथे आला आणि त्याच्या शिपायांनी आपलं कोण परकं कोण हे न कळता सगळी हाडं मातीत ठेवली. ते वाक्य आणि ते खड्डे एकत्र वाचले की बराच वेळ काही सुचत नाही.

इतिहासवेडा_नाशिक
लेख उत्तम, पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी असं वाटतं. काल्क्रीझे म्हणजेच व्हारुसची लढाई हे शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही. रोमन सैन्य तिथे मारलं गेलं हे नक्की, पण कुठलं? इ. स. १५-१६ ला जर्मॅनिकसच्या मोहिमांतही त्या भागात मोठ्या चकमकी झाल्या, त्याचा सेनापती कॅकिना दलदलीतल्या वाटेवर जवळजवळ बुडालाच होता. तो ४०० मीटरचा बांध जर्मनांनी दबा धरायला बांधला असं आधी सांगायचे, आता काही अभ्यासक म्हणतात तो रोमनांच्याच छावणीचा तट असू शकतो. तसं असेल तर सगळं चित्र उलटं होतं. शिवाय टॅसिटस म्हणतो जर्मॅनिकसने मातीचा उंच ढिगारा रचला, तसा ढिगारा तिथे मिळालेला नाही. नाण्यांचा मुद्दा मला फार कमकुवत वाटतो, इ. स. १५ च्या शिपायाच्या कमरेलाही जुनीच नाणी असणार.

रानवाटा
@इतिहासवेडा, हे लिहिलंत ते बरं झालं, आणि म्युझियममध्येही हा वाद लपवलेला नाही, बांधाचे दोन्ही अर्थ भिंतीवर मांडलेत. ढिगाऱ्याचा मुद्दा मलाही अडतो. पण नाण्यांबद्दल थोडं वेगळं मत आहे. तिथे तांब्याच्या नाण्यांवर 'व्हार' असा ठसा मारलेला आहे, म्हणजे व्हारुसने शिपायांना वाटलेली नाणी, आणि तो जर्मनीत आला इ. स. ७ मध्ये. नाणी जुनी असली तरी हा ठसा इ. स. ७ च्या आधीचा नाही हे पक्कं. आणि इतक्या ढिगात इ. स. ९ नंतर पाडलेलं एकही नाणं नाही. एकेकटा मुद्दा कमकुवत, सगळे मिळून नाही.

दुसरं म्हणजे धातूचं संशोधन, २०२२ मध्ये जाहीर झालं, बोखुमच्या खाणकाम संग्रहालयाच्या सोबतीने केलेलं. प्रत्येक लीजनचा स्वतःचा लोहार-तांबट कारखाना, पट्ट्यांची बकलं, कड्या सतत वितळवून दुरुस्त करायचे, त्यातून त्या धातूत सूक्ष्म अंशांचं एक ठराविक मिश्रण साठत जातं. १९वी लीजन आधी दक्षिण जर्मनीत डांगश्टेटेनला होती. तिथल्या वस्तू आणि काल्क्रीझेच्या वस्तू जुळतात. जर्मॅनिकसच्या सैन्यातल्या लीजनांशी तसं जुळत नाही. १९वी लीजन इ. स. ९ ला संपली, १५ साली ती अस्तित्वातच नव्हती. माझ्यासाठी पारडं व्हारुसकडे झुकतं.

इतिहासवेडा_नाशिक
धातूचा पुरावा वजनदार आहे, मान्य. तरी मी 'बहुधा' हा शब्द सोडणार नाही.

रानवाटा
तो सोडूच नका, माझंही तेच म्हणणं आहे.

नाणेवाला
माझा प्रांत नाणी आहे म्हणून अवांतर लिहितो. काल्क्रीझेला जे चांदीचे दिनार मिळालेत त्यात एक प्रकार मोठ्या संख्येने आहे, एका बाजूला ऑगस्टसचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दत्तक मुलगे गायस आणि ल्युसियस उभे, मध्ये ढाली आणि भाले. हे फ्रान्समधल्या लियाँच्या टांकसाळीत इ. स. पू. २ पासून पाडले. आता हेच दिनार दक्षिण भारतात सापडणाऱ्या रोमन साठ्यांमध्ये ढिगाने मिळतात, आंध्रात, तामिळनाडूत. मिऱ्यासाठी, मोत्यांसाठी, कापडासाठी आलेली चांदी. म्हणजे एकाच टांकसाळीतून निघालेली नाणी, काही जर्मनीच्या दलदलीत शिपायाच्या थैलीत राहिली आणि काही केरळातल्या मुझिरिस या जुन्या बंदराच्या बाजूला जहाजातून उतरली. चेन्नईच्या सरकारी म्युझियममध्ये रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये ठेवलेली आहे, ती नाणं नाही, पण त्याच व्यापाराची खूण, ज्यांना काल्क्रीझे लांब पडतं त्यांनी निदान ती जाऊन बघा.

मृण्मयी_के
नाणेवाला, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख होऊ शकतो. प्लीज काढाच वेगळा धागा.

सुलभा_पटवर्धन
रानवाटा, सैनिकांपैकी कुणाचं नाव कळतं का? इतके हजार गेले, एक तरी नाव?

रानवाटा
सुलभाताई, हो, एक कळतं आणि ते काल्क्रीझेला नाही, बॉनच्या म्युझियममध्ये आहे. मार्कस केलियस, १८व्या लीजनचा सेंच्युरियन, म्हणजे छोट्या तुकडीचा नायक, इटलीतल्या बोलोन्याचा, वय ५३. त्याच्या भावाने झान्टेनला स्मारकाचा दगड उभा केला. दगडावर तो छातीभर पदकं लावून उभा आहे, हातात वेलीची काठी, आणि दोन्ही बाजूंना त्याचे दोन मुक्त केलेले गुलाम, त्यांचीही नावं कोरलेली आहेत, प्रिव्हाटस आणि थियामिनस. खाली लिहिलंय की तो व्हारुसच्या युद्धात पडला. खाली देह नाही, रिकामं स्मारक आहे ते. या लढाईचं नाव घेणारा कोरीव लेख म्हणाल तर हाच.

आणि दुसरा एक, ज्याचं नाव नाही. २०१८ मध्ये काल्क्रीझेला मातीच्या ढेकळात छातीचं चिलखत सापडलं, पट्ट्यापट्ट्यांचं, आजवर मिळालेल्यांत सर्वांत जुनं आणि बरंच पूर्ण. ते ढेकूळ एवढं मोठं की एक्स-रेसाठी आधी विमानतळावरच्या मालाच्या स्कॅनरमध्ये घातलं आणि मग फ्युर्टला मोठ्या स्कॅनरमध्ये. आत दिसलं की चिलखताच्या मानेपाशी लोखंडी बेडी आहे, मान आणि हात एकत्र जखडायची. रोमन हे कैद्यांना घालत. म्हणजे तो लढाईत वाचला, पकडला गेला आणि त्याच्याच सैन्याची बेडी त्याला घालून चिलखतासकट तिथे मारला, असं अभ्यासकांना वाटतं.

आदित्य_हॅनोव्हर
मी इथेच राहतो. ज्यांना अशा जागांची आवड आहे त्यांनी हार्ट्सहॉर्नची रोमन रणभूमीही करा, कालेफेल्डजवळ, गाडीने सोपं पडतं. ती लढाई इ. स. २३५ च्या सुमाराची, सम्राट मॅक्सिमिनस थ्राक्सच्या मोहिमेतली मानतात. म्हणजे व्हारुसनंतर सव्वादोनशे वर्षांनी रोमन सैन्य इतक्या आत आलं होतं, हे २००८ पर्यंत कुणी मानायला तयार नव्हतं. तिथेही छंदिष्टांनीच शोधलं. २००० साली त्यांना एक लोखंडी वस्तू मिळाली, मेणबत्ती ठेवायचं काहीतरी मध्ययुगीन असेल म्हणून ठेवून दिली, आठ वर्षांनी कळलं की ती रोमनांची, खेचराच्या खुराला बांधायची लोखंडी चप्पल! एका कुऱ्हाडीवर चौथ्या लीजनचं नाव कोरलेलं मिळालं. जंगलातून वाट आहे, फलक आहेत, रोमनांनी तोफांसारख्या यंत्रांतून मारलेले बाण कुठल्या दिशेने गेले तेसुद्धा मांडलंय. आणि तिथे रोमन जिंकले बरं का, वाट फोडून निघून गेले.

कोकणकडा
इथे जर्मनीत कुणीही मेटल डिटेक्टर घेऊन फिरू शकतो का? दोन्हीकडे छंदवाल्यांनीच शोधलं म्हणून विचारतोय.

आदित्य_हॅनोव्हर
नाही, आमच्या राज्यात परवानगी लागते, त्यासाठी शिकवणी असते, आणि मिळालेली वस्तू कळवावी लागते. परवानगीशिवाय खणलं तर गुन्हा.

दगडधोंडे
मी मे महिन्यात कामासाठी म्युन्स्टरला येतोय, शनिवार-रविवार मोकळा आहे. कसं जाऊ? मुलगा दहा वर्षांचा सोबत आहे, त्याला कंटाळा येईल का?

रानवाटा
म्युन्स्टरहून ओस्नाब्रुक ट्रेन, तिथून ब्राम्शे, आणि पुढे बस. बस थोड्या असतात, सुट्टीच्या दिवशी अजून कमी, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर सरळ गाडी भाड्याने घ्या. मुलाला कंटाळा येणार नाही असं वाटतं. बागेत तीन लोखंडी खोल्या आहेत, एक बघायची, एक ऐकायची, एक प्रश्न विचारायची. ऐकायच्या खोलीला वर मोठा कर्णा आहे, कान लावला की बाहेरच्या रानातला आवाज आत येतो. माझ्याबरोबर एक शाळेची सहल होती, पोरं तिथून हलतच नव्हती. बूट चांगले घाला, जमीन अजूनही ओली असते.

आणि मुलाला आधी गोष्ट सांगून ठेवा, खेचराची तर नक्की. न वाचता गेलात तर ते गवताचं मैदान आहे, वाचून गेलात तर दिवस पुरत नाही. म्युन्स्टरहून हाल्टर्नही जवळ आहे, तिथे लिप्पे नदीकाठी ऑगस्टसच्या काळची मोठी रोमन छावणी होती आणि म्युझियम चांगलं आहे, व्हारुसच्या पराभवानंतर ती सोडून दिली असं मानतात. शनिवारी हाल्टर्न, रविवारी काल्क्रीझे असं करा. एकाच दिवशी दोन्ही कोंबू नका.

दगडधोंडे
ठरलं, असंच करतो. आल्यावर फोटो इथेच टाकेन.

इतिहासवेडा_नाशिक
@दगडधोंडे, बांधाचा जो तुकडा त्यांनी परत उभा केलाय त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा प्लीज. डोंगराकडून आणि वाटेकडून. तट कुणाचा यावर मला अजून बोलायचंय.